अक्कांच्या तोंडचं आमंत्रण

उपकार फेडण्याच्या बाबतीत माझा हात धरणारा भाडेकरू अख्ख्या बेंगळुरूत सापडणार नाही! मीच माझ्या तोंडाने सांगतोय म्हणून हसू नका. शेवटपर्यंत ऐका, मग पोटभर हसा.

मी शंतनु. मूळचा पुण्याचा, नोकरी इंदिरानगरात, आणि राहतो बनशंकरीला, अण्णा आणि अक्कांच्या वरच्या खोलीत. अण्णा म्हणजे हणमंतराव. घर मराठी, आणि चिकपेटेत त्यांचं साड्यांचं दुकान, चार पिढ्यांपासूनचं. अक्का म्हणजे इंदिराबाई, त्यांच्या पत्नी. गेल्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला तेव्हा माझे आईवडील येऊन पोहोचेपर्यंत तीन दिवस ऐंशीला टेकलेले अण्णा दवाखान्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होते. नंतर पंधरा दिवस अक्का मऊ भाताचं ताट घेऊन जिना चढत होत्या. "काय रे मगा, गिळतोस की भरवू?" मगा म्हणजे कन्नडमध्ये बाळ. त्या मला दुसऱ्या कुठल्याही नावाने हाक मारत नाहीत. मी तेव्हाच ठरवलं, या दोघांसाठी एकदा काहीतरी जबरदस्त करून दाखवायचं.

संधी चालून आली. अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं. रविवारचा मुहूर्त, मंगल कार्यालयाचा हॉल, शंभर पानं. आणि दहा दिवस आधी अक्का माळ्यावरचं पितळेचं घंगाळ काढायला स्टुलावर चढल्या. घंगाळ खाली आलं, त्याच्या पाठोपाठ अक्काही आल्या. घंगाळाला पोचा, अक्कांचा उजवा हात प्लास्टरमध्ये.

"आता फोन कसा धरू? बोटाने ते निरोप कसे पाठवू?" अक्का रडकुंडीला आल्या.

"अण्णा पाठवतील की," मी म्हटलं.

"अय्यो! आमंत्रण घरच्या बाईच्या तोंडून गेलं पाहिजे. एकदा चुकले, त्याची शिक्षा अजून भोगतेय."

ही शिक्षा म्हणजे पुरुषोत्तमराव. अण्णांचे सख्खे धाकटे भाऊ. नऊ वर्षांपूर्वी अण्णांच्या मुलीच्या लग्नात गडबडीत त्यांच्याकडे नुसती पत्रिका गेली, तीही दुकानातल्या माणसाच्या हाती. वहिनींनी तोंडाने बोलावलं नाही म्हणून ते आले नाहीत. ते आले नाहीत म्हणून अण्णांनी बोलणं टाकलं. चिकपेटेत दोघांची दुकानं समोरासमोर! नऊ वर्षं दोन भाऊ एकमेकांकडे बघत साड्या विकताहेत, पण शब्द नाही. "त्याचं नाव या घरात काढायचं नाही," असा अण्णांचा हुकूम.

"दोघंच तर भाऊ, मगा," अक्का हळूच म्हणाल्या. "यजमानांना ओवाळतील आणि शेजारची खुर्ची रिकामी. घास उतरेल का त्यांना?"

भावांचं भांडण माझ्या आवाक्यातलं नव्हतं. पण आमंत्रणं होती! मी छाती पुढे काढली आणि म्हणालो, "अक्का, तुम्ही फक्त बोला. बाकी माझा प्रोग्राम बघेल."

दोन रात्रींत लिहिला. माझ्या जुन्या लॅपटॉपवर एक काळी खिडकी, त्यात पांढरी अक्षरं. बटणं नाहीत, चित्रं नाहीत. अक्का बोलणार, "स्मिता, तू आणि जावई दोघंही या बरं का," की हा एका दमात बोललेलं सगळं पकडणार, त्यातलं नाव अण्णांच्या फोनच्या यादीत शोधणार, आणि त्या माणसाला ते बोलणं अण्णांच्या नंबरवरून, पण अक्कांच्या आवाजात, खाली मुहूर्त आणि हॉलचा पत्ता जोडून पाठवणार. म्हणजे आमंत्रण अगदी घरच्या बाईच्या तोंडून!

खरी करामत पुढे आहे. साधा प्रोग्राम एक वाक्य ऐकतो आणि त्याचं काम उरकेपर्यंत कान बंद करून बसतो. माझा तसा नव्हता. प्रत्येक वाक्याला आत एक बेल वाजायची. बेल वाजली की आतला एक गडी ते वाक्य घेऊन पळायचा, आणि कान मात्र उघडेच! अक्कांनी त्याच्यासाठी थांबायचं नाही, त्याने अक्कांसाठी थांबायचं नाही. आमच्या धंद्यात याला असिंक्रोनस म्हणतात.

"आमच्या घरी याला बेशिस्त म्हणतात," असं ऑफिसातली भार्गवी म्हणाली. मी दुर्लक्ष केलं.

पहिल्या चाचणीत काळी खिडकी उघडली आणि तत्काळ मिटली. "डोळा मारला का रे त्याने?" अक्का दचकल्या. झालं होतं असं, की प्रोग्रामने कान उघडले आणि 'झालं माझं काम' म्हणून तो घरी निघून गेला! त्याला दारात थांबवून ठेवायला हवं होतं. मी लिहिलं, एंटर दाबेपर्यंत हलायचं नाही. दुसऱ्या चाचणीत अण्णा आले, सवयीप्रमाणे उपरण्याने लॅपटॉप पुसला, एंटर दाबलं गेलं, प्रोग्राम घरी! तिसऱ्या चाचणीतही उपरणं, चौथ्या चाचणीतही उपरणं. चार पिढ्यांचा दुकानदार, समोर काही दिसलं की पुसतोच.

मग मी एंटर काढून टाकलं. झाकण मिटलं तरी चालू राहा, असंही सांगून ठेवलं. फक्त एका शब्दाने थांबायचं, आणि तोही अक्कांच्याच आवाजात. शब्द असा हवा, की अक्कांच्या तोंडून चुकूनसुद्धा निघणार नाही. मी विचार केला, विचार केला, आणि टाळी वाजवली. हणमंतराव!

चोपन्न वर्षांच्या संसारात अक्कांनी नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. अण्णा म्हणजे 'यजमान', 'हे', 'दुकानवाले', आणि फार चिडल्या तर 'तुमचे अण्णा'. याहून सुरक्षित शब्द जगात असेल का? मी स्वतःवर इतका खूश झालो, की थांबवायची चाचणी घ्यायचीच राहिली. सुरू होतंय ना हे सगळे बघतात हो, थांबतंय ना हे कोण बघतं?

बुधवारी सकाळी आठला शुभारंभ झाला. अक्कांनी लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, जास्वंदीचं फूल ठेवलं. मग यादी समोर धरून एकेकाला बोलावलं. नऊला यादी संपली. त्र्याऐंशी आमंत्रणं, एकही चूक नाही! यादीच्या शेवटी येऊन अक्का क्षणभर घुटमळल्या, अण्णांकडे पाहिलं, आणि चष्मा काढून ठेवला. मला समजलं कुणाचं नाव ओठांवर येऊन परत गेलं ते. पण माझी दहाला मीटिंग. "बाकी संध्याकाळी!" म्हणत मी जिना उतरलो, आणि थांबवायचा शब्द सांगायचं डोक्यातून साफ गेलं.

अक्कांनी लॅपटॉपचं झाकण मिटलं, त्यावर विणलेला रुमाल घातला, फूल सारखं केलं. रुमालाखाली कान उघडेच!

अकरा वाजता शेजारच्या गोदूबाई कॉफीला आल्या.

गोदूबाई आणि अक्का यांची अकराची कॉफी म्हणजे काय असते, हे बनशंकरीत सगळ्यांना ठाऊक आहे. दोन पेले कॉफीत ओळखीचा एकही माणूस सुटत नाही.

बारा वाजता मी मीटिंगमध्ये. फोन वाजला. अण्णा.

"शंतनु, मोहनकुमार दारात उभा आहे."

मोहनकुमार म्हणजे अण्णांना रोज चिकपेटेला नेणारा रिक्षावाला, आपल्यासारखाच मराठी. "मग काय झालं? आमंत्रण मिळालं म्हणून आला असेल."

"त्याला आमंत्रण दिलंच नव्हतं! आणि तो म्हणतो, अक्का, बाहेर येऊन बघा, मीटर चालू आहे! उभी रिक्षा, आत माणूस नाही, मीटर चालू!"

मी फोन घेऊन कोपऱ्यात सरकलो. "त्याला काय निरोप गेलाय?"

अण्णांनी फोनवर निरोप वाजवला. अक्कांचा खणखणीत आवाज: 'गोदू, या मोहनकुमारच्या मीटरला मी आजवर चालताना पाहिलं नाही!' आणि खाली, अगत्य यावे.

"अण्णा, तो प्रोग्राम अजून चालू आहे! अक्कांना बोलू देऊ नका!"

"चोपन्न वर्षं तोच प्रयत्न करतोय," अण्णा म्हणाले.

मागून अक्का मोहनकुमारची समजूत काढत होत्या. "मनावर घेऊ नकोस रे. तुझं मीटर परवडलं. ती रूपश्री आहे ना स्वयंपाकवाली, तिची होळिगे खायची म्हणजे आधी दंतवैद्याकडे जायला हवं!"

आत बेल वाजली असणार. मी डोळे मिटले.

होळिगे म्हणजे पुरणपोळी, आणि रविवारचा सगळा स्वयंपाक रूपश्रीकडेच होता! दोन मिनिटांत तिचा फोन आला. अण्णांनी तो स्पीकरवर टाकला, माझाही चालूच. "अक्का, बारा वर्षं माझ्या हातची होळिगे खाता, आणि आज दात दिसले?"

"अगं, तसं नव्हे!" अक्का घाईघाईने म्हणाल्या. "तू निदान सगळं करून तरी वाढतेस की. त्या गिरीधरभटजींचं बघ, निम्मे मंत्र गिळतात आणि दक्षिणा मात्र अख्खी!"

एकाची माफी मागायला जावं तर दुसरा दुखावला जात होता. तेही प्रत्येक वेळी रीतसर आमंत्रणासकट!

मी मीटिंग सोडली, बॅग उचलली आणि मेट्रोकडे धावलो. धावता धावता ओरडत होतो, "अक्का, तोंडात पाणी धरून बसा!" गोदूबाईंनी खरोखरच तांब्या आणला. अक्का गाल फुगवून बसल्या. अण्णांनी झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. वायर उपटली. पण बॅटरी भरलेली! वायफाय बंद करावं, तर ते वर माझ्या खोलीत, खोलीला कुलूप, किल्ली माझ्या खिशात.

पाच मिनिटं शांततेत गेली. मग दाराची बेल वाजली, खरीखुरी. गिरीधरभटजी! त्यांना पाहून अक्कांना ठसका लागला, पाणी भटजींच्या धोतरावर सांडलं आणि तोंड उघडलं.

तोवर मी मॅजेस्टिकला गाडी बदलायला उतरलो होतो. आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"अक्का, एकच उपाय आहे. तुम्ही एक शब्द उच्चारला की तो थांबेल."

"कुठला रे?"

"अण्णांचं नाव."

फोन स्पीकरवर होता. मोहनकुमार, गोदूबाई, भटजी, फोनवर लटकलेली रूपश्री, सगळ्यांनी ऐकलं.

"मेल्या!" अक्का म्हणाल्या. मगाचा मेल्या व्हायला एक क्षण पुरला. "जगातले सगळे शब्द संपले होते का?"

"तुम्ही कधीच घेत नाही म्हणूनच तर ठेवला!"

"चार माणसांत कशी घेऊ? लग्नात घेतलं तेवढंच, तेही चार ओळींच्या आडोशाने."

गोदूबाई तत्काळ सरसावल्या. "मग आडोसा करा की अक्का! उखाणा घ्या! उखाण्यात कसलं पाप?"

"या वयात? सुचायला नको?"

"घ्या अक्का, घ्या!" मोहनकुमार. "घ्या हो, लवकर," रूपश्री फोनवरून. "सावकाश, पण पूर्ण घ्या," भटजी म्हणाले; निम्म्याचं त्यांना लागलं होतं.

मी प्लॅटफॉर्मवर फोन कानाला गच्च धरून उभा. एक गाडी आली, गेली. आणि अक्कांचा आवाज आला. बारीक, लाजरा, मी तोवर कधी न ऐकलेला.

"बनशंकरीला नेसवली हिरवीगार साडी,
हणमंतराव सांगतात, आता थांबव तुझी गाडी!"

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मी फोन लांब धरला. "थांबलं का? काळी खिडकी दिसते का?"

"गेली! मिटली!" मोहनकुमार ओरडला.

मग अण्णांचा आवाज आला. घोगरा झाला होता. "यंत्राला नीट ऐकू गेलं नसेल," ते म्हणाले. "पुन्हा एकदा म्हण की."

"इश्श! एकदाच," अक्का म्हणाल्या. "बॅटरी संपेल."

मेट्रोच्या प्लॅटफॉर्मवर भर दुपारी एक तिशीचा इंजिनिअर डोळे पुसत उभा होता. तो मी.

घरी पोहोचेपर्यंत मी सामान बांधायची मनाची तयारी केली होती. पाहुणे गेले होते. अण्णा फोन हातात धरून बसलेले, अक्का स्वयंपाकघराच्या दारात, पदर तोंडाशी.

"अण्णा, माझं चुकलं..."

"बस. हे ऐक," अण्णा म्हणाले.

कॉफीच्या तासात गेलेला आणखी एक निरोप होता. अक्का गोदूबाईंना एका दमात सांगत होत्या: 'पुरुषोत्तमभावजी आले नाहीत तर कसला ग समारंभ? चूक माझी होती. तेव्हाच जाऊन हात धरून बोलवायला हवं होतं. हे बोलत नाहीत, पण रोज दुकानातून आले की आज पुरुषोत्तमने काय नेसवलंय पुतळ्याला ते मला सांगतात.' आणि खाली, अगत्य यावे.

मला वाटलं, आता संपलं. या घरात न काढायचं नाव घराबाहेर गेलं, आणि तेही अण्णांच्याच फोनवरून.

"दोन निळ्या खुणा आल्यात," अण्णा म्हणाले. "ऐकलंय त्याने."

"पुसून टाकू का, अण्णा?"

चोपन्न वर्षांचा संसार, ऐंशी वर्षांचं वय, आणि समोर दिसेल ते पुसायची खोड. अण्णांनी फोनची काच उपरण्याने हळूच पुसली. "राहू दे," म्हणाले.

गुरुवारी उत्तर नाही. शुक्रवारी नाही. शनिवारी अण्णा दर पाच मिनिटांनी फोन उघडायचे आणि आम्हाला सांगायचे, किती वाजले बघत होतो. भिंतीवर घड्याळ असताना! मी देवाला म्हणालो, एवढं एक कर बाबा, पुन्हा न तपासता काही चालवणार नाही.

रविवार उजाडला. हॉलच्या दारात मोहनकुमारची रिक्षा. सगळ्या म्हाताऱ्यांना तो घरून आणत होता, पैसे घेत नव्हता, आणि प्रत्येक फेरीला मीटर टाकत होता! आत गिरीधरभटजी एकेक मंत्र अथपासून इतिपर्यंत म्हणत होते. साडेअकराचं ओवाळणं एकवर गेलं. शंभर पानांच्या हॉलमध्ये एकशे चाळीस माणसं, कारण कॉफीच्या तासात कुणीच सुटलं नव्हतं. आणि अण्णांच्या शेजारची खुर्ची रिकामी.

अक्कांनी डाव्या हाताने निरांजन उचललं. तेवढ्यात मागे गलका झाला. माणसं बाजूला सरली. अण्णांसारखंच नाक, अण्णांसारखंच उपरणं. बगलेत साडीचा खोका.

पुरुषोत्तमराव सरळ अक्कांपुढे आले आणि वाकले. "वहिनी, तोंडाने बोलावलंत. आलो."

मग अण्णांकडे वळले. पुरुषोत्तमरावांनी खुर्चीकडे पाहिलं, उपरण्याने ती पुसली, आणि बसले.

"उशीर केलास," अण्णा म्हणाले.

"भटजींनीही केलाय," पुरुषोत्तमराव म्हणाले.

भरल्या डोळ्यांमुळे अक्कांना नीट दिसत नसणार, कारण त्यांनी पहिल्यांदा ओवाळलं ते पुरुषोत्तमरावांनाच.

ऑफिसात ही सगळी कथा मी भार्गवीला रंगवून सांगितली. तिने एकच प्रश्न विचारला. "लॅपटॉप उचलून बाहेर अंगणात नेऊन ठेवा, एवढं का नाही सांगितलंस?"

मला सुचलं नव्हतं. इंजिनिअर आहे मी!

पण ती नंतरची गोष्ट. रविवारी पंगती बसायला लागल्या तेव्हा मी सहज म्हणून लॅपटॉपवरची पूर्ण यादी उघडली. एकशे सव्वीस नावं. मोहनकुमार, रूपश्री, भटजी, केबलवाला, नळवाला, दंतवैद्य. पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. माझं नाव नव्हतं.

मी यादी घेऊन अक्कांकडे गेलो. "अक्का, सगळ्या बनशंकरीला बोलावलंत. मला आमंत्रणच नाही!"

अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कन्नडमध्ये बोललो होतो आणि तेही चुकीचं. "घरच्या माणसाला कुणी आमंत्रण देतं का रे मगा?"

काहीतरी छान बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तोच त्यांनी माझ्या हातात ताकाची कळशी दिली.

"घरचे लोक शेवटच्या पंगतीला. जा, वाढायला लाग!"

एकशे चाळीस माणसांना ताक वाढून मी चार वाजता पानावर बसलो. रूपश्रीने इरेला पेटून अशा लुसलुशीत होळिगे केल्या होत्या म्हणे, की दात नसलेल्यांनीसुद्धा चार-चार खाल्ल्या. म्हणे, कारण मला एकही मिळाली नाही. अक्कांनी शेजारी बसून डाव्या हाताने सार-भात वाढला, आणि मी आयुष्यातलं सर्वांत तृप्त जेवण मऊ भातावरच जेवलो. उपकार काही फिटले नाहीत. उलट वाढले!